नाकबाईची टेप

तिला वास येत नव्हता, म्हणून तिला खुर्ची मिळाली. ऐकायला विचित्र वाटेल, पण झालं ते असंच झालं. कुणाला नजर तेज म्हणून नोकरी लागते, कुणाला अक्षर चांगलं म्हणून लागते, आणि काहींना तर नुसती जीभ गोड म्हणून लागते. या बाईला नाक बंद म्हणून लागली. आणि तेच नाक पुन्हा उघडलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

इमारतीत तिला सगळे नाकबाई म्हणायचे. नाव ठेवलं शिपायाने. या शिपायाला लोकांना नावं ठेवण्याचा पगार मिळत नव्हता, पण बाकीच्या कामांपेक्षा ते काम तो जास्त मन लावून करायचा. पहिल्या दिवशी तिला राग आला. मग तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि पुढे पुढे कुणी त्या नावाने हाक मारली की ती सरळ ओ द्यायला लागली.

त्याआधी बरीच वर्षं ती तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारच्या खोलीत काचसामान धुवायची. वरच्या मजल्यांवर संशोधक मंडळी जे काही उकळायची, गाळायची, ढवळायची, त्याच्या नळ्या, बाटल्या, चंबू ट्रेमध्ये भरून खाली यायचे. दिवसभर उभं राहायचं, कोपरापर्यंत हात पाण्यात. संध्याकाळी बोटांची कातडी अशी व्हायची की बसचं तिकीट हातात धरवायचं नाही. नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. त्या धुण्यावर तिने त्याला शिकवलं, मार्गाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. तक्रार केली नाही. करायची कुणाकडे, हाही प्रश्न होताच.

मग एका हिवाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले येईल, होतं असं, धीर धरा. तिने धीर धरला. दोन हिवाळे गेले, चार गेले, वास काही आला नाही. भाजी करपली तरी कळेना, दूध उतू गेलं तरी कळेना. जेवण म्हणजे नुसतं खारट, तिखट आणि गरम-गार. सून स्वभावाने चांगली. ती एक दिवस हळूच म्हणाली, "आई, गॅसपाशी मी बघत जाईन. तुम्ही बाळाकडे बघा." त्यात टोचून बोलणं नव्हतं, पण आपल्या स्वयंपाकघरातून आपण बाहेर पडलो हे बाईला कळायचं ते कळलं. नात झाली, घर भरलं. सगळे बाळाच्या डोक्याला नाक लावून "आहा" करायचे. तीही लावायची, तीही "आहा" म्हणायची. तिला कापूस हुंगल्यासारखं वाटायचं.

आता वरच्या मजल्यावरच्या मोठ्या मॅडमचं सांगायला हवं. वनस्पतींच्या पानाफुलांतून वासाचं तेल काढायचं आणि ते दुखण्यावर, सुजेवर चालतं का ते बघायचं, यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. केस पिकले, निवृत्ती जवळ आली, आणि तेव्हा कुठे एका रानझुडपाचं तेल त्यांच्या हाती लागलं. उंदरांच्या सुजलेल्या पायांवर ते छान चाललं. उंदरांचं एक बरं असतं, चोळलं म्हणून त्यांना उगाच बरं वाटत नाही. माणसाचं तसं नाही. माणसाला कुणी मायेने हात फिरवला तरी अर्धं दुखणं पळतं. म्हणून माणसांवर बघायचं तर चोख बघायला हवं. निम्म्या लोकांच्या दुखऱ्या गुडघ्याला औषधाचं तेल, निम्म्यांना साधं. कुणाला कुठलं ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. रोग्याला कळता कामा नये, आणि गुडघा मोजणाऱ्याला तर मुळीच कळता कामा नये. कारण कळलं की हात झुकतो. माणूस कितीही सरळ असो, झुकतो.

आणि इथेच घोडं अडलं. तेलाला वास! रोग्यांचा प्रश्न नव्हता. साध्या तेलातही दुसरा कसला तरी वास घातला होता, आणि रोग्याला बिचाऱ्याला कुठलाही वास औषधाचाच वाटतो. पण उंदरांचं काम चालू होतं तेव्हा अख्खा जिना त्या झुडपाच्या वासाने भरलेला असायचा. "डोकं उठतं," म्हणून शिपाई रोज ओरडायचा. त्यामुळे इमारतीतलं एकूण एक नाक पढवलेलं. बाहेरचा माणूस आणावा तर तोही चार दिवसांत दोन वास वेगळे ओळखणार आणि मनाशी काहीतरी ठरवून बसणार. नाकाला चिमटा लावून बसवावं तर तो दिवसभर कोण ठेवणार? मॅडमच्या नाकी नऊ आले.

"मॅडम, खाली एक बाई आहे," शिपाई म्हणाला. "परवा फिनेलचा कॅन फुटला. आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून रस्त्यावर. ही आपली बाटल्या धुतेय. ढिम्म!"

मॅडम स्वतः खाली आल्या. बाईचे डोळे बांधले आणि नाकाखाली एकेक वस्तू धरली. चिरलेला कांदा, कॉफी, रॉकेल, शेवटी कुठून तरी पैदा केलेलं नासकं अंडं. ते अंडं आणताना शिपाई स्वतः ओकायच्या बेताला आला होता.

"येतंय का काही?"

"काही नाही, मॅडम."

मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी तिचे ओले हात हातात घेतले. दुसऱ्याच्या अडचणीवर माणूस इतका खूश झालेला तिने पहिल्यांदाच पाहिला.

तिला काम शिकवलं. शेजारच्या खोलीत नर्स तेल चोळायची, थोड्या वेळाने रोगी हिच्याकडे यायचा. गुडघ्यावर शाईची खूण असायची. सूज किती ते बघायला त्या खुणेवर टेप गुंडाळायची, कातडीला नुसती टेकवायची, ओढायची नाही, सैलही सोडायची नाही. गुडघा किती वाकतो ते मोठ्या कोनमापकाने बघायचं. दुखणं शून्य ते दहात किती, ते रोग्याला विचारायचं. आणि एकच नियम: एकदा मोजायचं, जे येईल ते लिहायचं, मनात काही आणायचं नाही.

तिला जमलं. नाकासमोर चालणारी बाई, तिला हे जमायलाच हवं होतं. पांढरा कोट मिळाला, तिसऱ्या मजल्यावर दार असलेली खोली मिळाली आणि खुर्ची मिळाली. बसून काम करायची खुर्ची, पाठ टेकायची. रोगी तिला "डॉक्टरीणबाई" म्हणायचे. सुरुवातीला ती "अहो, मी डॉक्टर नाही" म्हणायची. मग म्हणायची बंद झाली. ही चाचणी नीट पार पडली की जागा कायमची करून देऊ, असं वरून कबूल झालं होतं. नाहीतर पुन्हा तळमजला.

दर सोमवारी सकाळी मॅडम दारातून डोकावायच्या. "येतंय का काही?"

"काही नाही, मॅडम."

हा त्यांचा नमस्कारच होऊन बसला होता.

नातीला पहिला दात आला त्या आठवड्यातली गोष्ट. सून आंघोळीला गेली होती आणि बाळ किरकिरत होतं. बाईने उचलून खांद्यावर घेतलं, सवयीने डोक्याला नाक लावलं, आणि ती जागच्या जागी थांबली. काहीतरी आलं. दुधाचं, घामाचं, कोमट कोमट काहीतरी. तिने पुन्हा हुंगलं. पुन्हा आलं. ती बाळाला मांडीवर घेऊन खाली बसली. तिने त्या पोरीचं डोकं, कान, मान, तळवे सगळं हुंगून काढलं, आणि बाळ हसायला लागलं तरी हिचं रडणं थांबेना. इतका आनंद तिला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता. खोटं कशाला बोला.

सून बाहेर आली. "काय झालं आई? डोळे का लाल?"

"दात येतोय हिला," बाई म्हणाली. "बोटाला चावली."

का लपवलं, ते तिचं तिलाही लगेच कळलं नाही. कळलं ते सोमवारी. मॅडमनी डोकावून विचारलं, "येतंय का काही?" आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काही नाही, मॅडम." मॅडम पुढे गेल्यासुद्धा. मग तिने आपल्या खुर्चीच्या हातांवर हात ठेवले आणि मनाशी म्हटलं, येईल-जाईल, दोन दिवसांचं असेल. उगाच कशाला बोभाटा.

पण नाक आता राहतंय कसलं! कोटाला साबणाचा, जिन्याला ओल्या फरशीचा, शिपायाला चोरून ओढलेल्या विडीचा. आणि रोग्यांच्या गुडघ्यांना दोन वास. एक भपकारा, बामच्या डबीसारखा, माणूस दारात आला की आधी तोच यायचा. दुसरा मिळमिळीत, पाऊस लागलेल्या पेंढ्यासारखा, जवळ वाकल्याशिवाय जाणवायचाही नाही.

औषध कुठलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. विचारायचीही सोय नव्हती. पण सांगायला कशाला हवं? जन्मभर तिने बाम चोळला होता, आईला चोळला होता, नवऱ्याच्या पाठीला चोळला होता. औषध म्हणजे चार घरांना कळलं पाहिजे. शिवाय शिपाई म्हणायचाच, डोकं उठतं. तो पेंढा कुणाचं डोकं उठवणार? तिने ठरवायचं म्हणून ठरवलं नाही. ते आपोआप ठरून गेलं.

आणि हात झुकला. बामवाला गुडघा आला की टेप नकळत जरा आवळली जायची, अगदी सूतभर, म्हणजे सूज तेवढी कमी भरायची. पेंढावाला आला की तेवढीच सैल. "आता कसं वाटतंय?" हे बामवाल्याला ती हसून विचारायची आणि पेंढावाल्याला नुसतंच विचारायची. तिला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं, आणि ती दुसरीकडे बघायची.

घरी मात्र फार दिवस निभलं नाही. रविवारी सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते, मुलगा बाळाला घोडा घोडा करत होता. एकदम बाई ओरडली, "अगं, दूध लागलं!"

सून धावली. दूध खरंच तळाला लागायला आलं होतं. गॅस बंद करून ती दारात येऊन उभी राहिली, हातात फडकं. "आई, मला सुद्धा आला नव्हता वास. तुम्हाला कसा आला?"

आता काय सांगणार? मुलगा बाळाला घेऊन उठला. "आई! वास येतो तुला? अगं मग सांगायचं नाही का? केवढी आनंदाची गोष्ट!"

"हळू बोल," बाई म्हणाली. "बाहेर कुणाला सांगू नका. माझी जागा जाईल."

मुलगा बाळाला मांडीवर घेऊन पुन्हा बसला. जागा म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. आईचे ते सुरकुतलेले हात बघतच तो मोठा झाला होता. सून मात्र फडकं पिळत म्हणाली, "पण मग तुम्ही तिथे बसून करता काय? वास येत नाही म्हणूनच बसवलंय ना?"

"तू गॅसकडे बघ," बाई म्हणाली. हे बोलणं तिला शोभलं नाही, आणि तेही तिला कळलं.

चाचणी अर्ध्यावर आली तेव्हा बाहेरून आकडे तपासणारे गृहस्थ आले. त्यांनी मॅडमच्या खोलीत दार लावून बराच वेळ काहीतरी सांगितलं आणि चहा न घेता गेले. दुपारी मॅडम बाईच्या खोलीत येऊन रोग्याच्या स्टुलावर बसल्या. असं त्या कधी बसत नसत.

"फरक दिसत नाही म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "साधं काय आणि औषध काय. उलट साधंच जरा बरं. असंच चाललं तर बंद करावं लागेल."

"अजून निम्मे लोक आहेत ना, मॅडम."

"हो," मॅडम म्हणाल्या. "निम्मे आहेत." आणि त्या आपल्याच गुडघ्यावर तळहात ठेवून उठल्या. त्यांचाही गुडघा दुखायचा, हे बाईला तोवर माहीत नव्हतं.

बाईला त्यांची दया आली. खरोखरच आली. आणि ती थोडी कोड्यातही पडली. आपण एवढं सांभाळून घेतोय तरी औषध हरतं कसं? म्हणजे ते किती कुचकामी असलं पाहिजे! पण मॅडमचं पडलेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवसापासून बामवाल्या गुडघ्यांवर तिची टेप आणखी प्रेमाने आवळली जायला लागली. चांगुलपणाने माणूस काय काय करतो, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून बरं.

रोग्यांमध्ये एक निवृत्त पोस्टमन होते. सगळे त्यांना पोस्टमनकाका म्हणायचे. जन्म पायी गेलेला, त्यामुळे गुडघे पार कामातून गेलेले. उजवा तर भोपळ्यासारखा. सुरुवातीला लिफ्टची जाळी खडखडली, आतून "जरा थांबा हो, मी येतोय, तार नाहीये, सावकाश येतोय" असं ऐकू आलं की काका आले असं समजायचं. भिंत धरून धरून ते खोलीपर्यंत यायचे आणि स्टुलावर बसताना डोळे मिटून घ्यायचे.

त्या दिवशी लिफ्ट खडखडलीच नाही. काका दारात उभे. धापा टाकत होते, पण हसत होते.

"लिफ्ट बिघडली का?" बाईने विचारलं.

"लिफ्ट ठणठणीत आहे. मी जिन्याने आलो."

"तीन मजले?"

"मोजा, मोजा," काका म्हणाले आणि पँट वर करून बसले. "दहात किती विचाराल तर तीन. मागे नऊ सांगितलं होतं ना? तीन लिहा."

बाई वाकली. पेंढ्याचा वास. तिच्या मनात आलं, अरेरे, याला बिचाऱ्याला साधं लागलंय आणि हा हुरळून गेलाय. तिने टेप टेकवली. आकडा बराच खाली आला होता. असं कसं होईल? खूण चुकली असेल. तिने टेप काढली, पुन्हा लावली. पुन्हा तोच आकडा, इकडे ना तिकडे. तिने पुन्हा काढली.

"बाई, आज तीनदा का?" काका म्हणाले. "आम्ही तर पार्सलचंसुद्धा वजन एकदाच करायचो."

तिसऱ्यांदा टेप जराशी सैल बसली आणि आकडा मागच्या वेळेच्या जवळ आला. हां, हे पटण्यासारखं होतं. तिने ते लिहिलं.

"उतरलीय ना सूज?" काकांनी विचारलं.

"मनाला वाटतं असं कधी कधी," ती म्हणाली.

काकांचं हसू थोडं कमी झालं. त्यांनी पँट खाली केली आणि ते उठले. उठताना त्यांनी स्टूल धरलं नाही. हे तिने पाहिलं. दारातून जाताना भिंतही धरली नाही. तेही पाहिलं. मग जिन्यावर त्यांची पावलं उतरत गेली, एकामागून एक, माणूस उतरतो तशी.

ती टेप हातात धरून बसली. नियम एकच होता, आणि तिने तो आता उघड्या डोळ्यांनी मोडला होता. आजवर हात झुकत होता, आज तिने झुकवला. समोरचा माणूस तीन मजले चढून आला होता आणि तिने त्याला सांगितलं होतं, तुझ्या मनाला वाटतंय. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढचा रोगी आत आला तरी तिला त्याच्याकडे मान वर करून बघवेना. सुनेने विचारलेलं तिच्या कानात घुमत होतं. मग तुम्ही तिथे बसून करता काय?

तिने रोग्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि ती मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, मला वास येतो."

मॅडमनी चष्मा काढला. "कधीपासून?"

इथे थोडं अलीकडचं सांगता आलं असतं. कालपासून म्हणाली असती तर कुणी काय तपासणार होतं? "नातीला पहिला दात आला तेव्हापासून," ती म्हणाली. "आता तिला चार आहेत."

मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर ओढून पानं मागे उलटली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणजे जवळजवळ निम्मं काम," त्या म्हणाल्या. "आणि हात? खरं सांगा. झुकला?"

"झुकला, मॅडम. पण तुमच्या बाजूला झुकला. औषधाच्या बाजूला. तुम्ही एवढं आयुष्य घातलंत म्हणून..."

"माझ्या बाजूला?" मॅडमनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "औषध कुठलं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तो बामसारखा भपकारा येतो ना, ते."

मॅडम उठल्या. त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं, दोन लहान बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि दोन्हींची बुचं काढली. एकीतून बामचा वास खोलीभर झाला.

"हे अत्तर आहे," मॅडम म्हणाल्या. "साबणवाले वापरतात ते. साध्या तेलात टाकलंय. आत काही नाही, नुसता वास. लोकांना औषध वाटावं म्हणून मुद्दाम जरा जास्त टाकलाय." मग त्यांनी दुसरी बाटली तिच्या पुढे सरकवली. "आणि हे आपलं. ढीगभर झुडूप उकळायचो तेव्हा जिना भरायचा, चोळायच्या तेलात थेंबभरच असतं."

बाईने वाकून हुंगलं. भिजलेला पेंढा.

"पोस्टमनकाका," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, तीनदा मोजलेलं, खोटं लिहिलेलं, काकांना म्हटलेलं. मॅडम ऐकत होत्या. पहिला आकडा काय होता ते त्यांनी विचारलं, आणि तो ऐकून त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं की हसू, ते पाठीवरून कळत नव्हतं. दोन्ही येण्यासारखंच होतं. ज्या तेलाचं त्या मनातल्या मनात श्राद्ध घालून बसल्या होत्या, ते चालत होतं, आणि ते चालतंय हे सांगायला पुरतील एवढे कामाचे कागद उरले नव्हते.

"नाकाला चिमटा लावून बसते, मॅडम," बाई म्हणाली. "तोंडाने श्वास घेईन. दिवसभर घेईन."

"नाकाला चिमटा लावता येईल," मॅडम म्हणाल्या. "हाताला कुठला लावू? तो आता माझ्या बाजूचा झालाय."

त्यात राग नव्हता. म्हणूनच बाईने पांढऱ्या कोटाची बटणं काढायला घेतली.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर, नातीच्या दातापासूनचे सगळे आकडे बाद झाले. नवे रोगी घ्यायचे ठरलं. मॅडमनी निवृत्ती पुढे ढकलण्यासाठी अर्ज केला. मोजायला एक नवी मुलगी आली, नाकाला चिमटा लावून बसायची आणि बोलली की बदकासारखी बोलायची. शिपायाने तिचं नाव काय ठेवलं असेल ते सांगायला नको. बाई पांढरा कोट धुऊन, घडी करून परत देऊन आली आणि तळमजल्यावर नळापाशी उभी राहिली. जागा कायम झाली नाही, पण गेलीही नाही. मॅडमनी तेवढं बघितलं. आता फिनेलचा, आम्लाचा, बुरशीचा सगळा वास तिला यायचा, आणि तिला कळायचं की इतकी वर्षं आपण कशात उभ्या होतो. घरी गेल्यावर सून म्हणायची, "आई, आमटीत काय कमी आहे, हुंगून सांगा." बाई झाकण उचलून वाकायची आणि सांगायची. नात आली की तिचं डोकं हुंगायची. त्यातला आनंद कमी झाला नव्हता. तो एकीकडे होता आणि हे दुसरीकडे.

बाद झालेल्या रोग्यांना पुन्हा घेता येत नव्हतं. एकदा तेल चोळलेला गुडघा कोरा राहत नाही. आणि चाचणी पुरी होईपर्यंत ते तेल बाहेर कुणाला द्यायलाही परवानगी नव्हती. नियम म्हणजे नियम. सगळ्यांना फक्त शेवटची एक तपासणी म्हणून बोलावलं होतं.

बाई बाटल्या विसळत होती. बाहेर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं आणि भिंतीला टेकल्याचा आवाज आला. ती हात पुसत दारात आली. पोस्टमनकाका उभे होते, एक हात भिंतीवर, एक उजव्या गुडघ्यावर. ती जवळ गेली. गुडघ्याला कसलाच वास नव्हता.

"काय नाकबाई!" काका म्हणाले. "वास यायला लागला म्हणे तुम्हाला?"

"आला, काका."

"वा वा! मग तोंड पाडून काय उभ्या? आनंदाची गोष्ट आहे." ते मनापासून म्हणत होते. त्यामुळे तिला जास्तच जड गेलं.

"काका, त्या दिवशी तुमचा गुडघा खरंच उतरला होता," ती म्हणाली. "पहिल्यांदा मोजला तेव्हाच मला दिसलं होतं. मी लिहिलं नाही. वर तुम्हाला म्हटलं, मनाला वाटतंय. चुकलं माझं."

लिफ्ट खाली आली. काकांनी भिंत सोडून जाळी धरली.

"उतरला होता ते मला माहीत होतं की," काका म्हणाले. "गुडघा माझा आहे, बाई. मला वाटलं, तुम्हालाच कळलं नाही."

ते आत शिरले. पाय उचलून आत घ्यायला त्यांना वेळ लागला, आणि वाकून जाळी ओढणं त्यांना जमेना. तिने बाहेरून ती ओढून लावली आणि लिफ्ट वर जाईपर्यंत तिथे उभी राहिली.